न उडालेला बार

रिव्हॉल्व्हरचा घोडा पडला. फट्!

बस्स, एवढंच. टिकली फुटावी तसं. शेजारी हॉइटचं रिव्हॉल्व्हर पांढऱ्या धुराच्या ढगात गडगडत होतं, आणि वर्लिन आजोबांचं मात्र नुसतं फटफटत होतं.

"वर्लिन, लेका, गोळीला आमंत्रण द्यायचं राहिलं का रे?" हॉइट ओरडला. नेमबाजांची अख्खी रांग खिदळली.

त्यांच्या नातीला, ऑडेसाला, हसू येईना. आजोबा रिव्हॉल्व्हर समोरच्या मातीच्या बांधावर रोखून तसेच उभे होते. बंदुकीची दारू कधीकधी उशिरा पेटते, म्हणून थांबायचं असतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यावर हुबेहूब घडवलेलं हत्यार ते! दारू, शिशाची गोळी, मागची ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी, सगळं हातानेच भरायचं. नळीचं टोक हवेत वेलांट्या काढत होतं.

गेल्या महिन्यात हेच भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन आजोबा गर्रकन मागे वळले होते. मागे बाकांवर बायकापोरं मक्याचा पाव खात बसलेली. "कुणी हाक मारली का मला?" आजोबांनी विचारलं. कुणीच मारली नव्हती. मैदानाचा प्रमुख लॉनी त्यांना घरी बसवू शकला असता, पण लॉनीला बार भरायला शिकवलं कुणी? आजोबांनीच. आईचीही जीभ रेटेना. शेवटी तिने ते काम ऑडेसाच्या गळ्यात टाकलं. "काढून घे त्यांच्याकडून. कायमचं. तुझं ऐकतील ते."

ऐकतील म्हणे! येताना गाडीत आजोबा मजेत शीळ घालत होते. ऑडेसाचं तोंडच उघडलं नाही.

पुन्हा फट्.

"सगळ्यांनी थांबा!" लॉनी गरजला. आता हॉइटसुद्धा हसत नव्हता. लॉनीने ऑडेसाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे.

ती पुढे झाली. मेजावर दारूची पितळी कुपी पडली होती. गोळी बसवण्याआधी आजोबा रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक खान्यावर ती किती काळजीने उलटी करत होते, तिने स्वतः पाहिलं होतं. तिने कुपी उचलली. पिसासारखी हलकी! हलवून पाहिली. आत काहीच नाही.

अख्खा जन्म या मैदानावर गेलेला माणूस, आणि दारूच भरायची विसरला.

"आजोबा," ती त्यांच्या कानाशी लागली, "कुपी रिकामीच आणलीत तुम्ही. विसरलात. चला, घरी जाऊ या. आणि हे रिव्हॉल्व्हर ना..." तिने हात पुढे केला.

"विसरलो नाही गं," आजोबा तितक्याच हळू म्हणाले. नजर बांधावर, नळीही बांधावरच. "सकाळी डोकं ठिकाणावर होतं, तेव्हा मीच दारू ओतून टाकली."