बोटीच्या नाकावरचं ठिगळ

पटाशीचं टोक भेगेत घालून कारागिराने जरासं उचललं, आणि बोटीच्या नाकावरचं जुनं ठिगळ अख्खंच्या अख्खं त्याच्या हातात आलं. त्याने ते उलटं केलं. मागची बाजू काचेच्या बशीसारखी चकचकीत होती.

नीट चिकटलेलं फायबर असं सुटत नाही. ओढलं तर धागे तुटतात, खालचा थर सोबत उचकटतो, हाताला कुसळं टोचतात. हे मात्र निमूटपणे आलं. फायबरचं कापड चिकटवणारं रेझिन वाळलं की त्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर येतो. तो पॉलिश पेपरने घासून काढायचा आणि मगच वर पुढचं कापड बसवायचं, हा या धंद्याचा श्रीगणेशा. तीन वर्षांपूर्वी हे ठिगळ त्यानेच लावलं होतं. निम्मे थर संध्याकाळी, उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी. मधलं घासणं अर्ध्या तासाचं. दुसरं काम दारात उभं होतं म्हणून त्याने तो अर्धा तास वाचवला होता. वरून रंग असा मारला होता की जोड शोधूनही सापडू नये.

ट्रेलरच्या पलीकडे दाजी, म्हणजे त्याच्या बहिणीचे यजमान, चाकाखाली वीट सरकवत होते. बोट त्यांची. प्रवाशांची ने-आण करून त्यांनी तिच्यावर संसार चालवला आणि यंदा ती लेकीच्या हाती द्यायची ठरवली. पोर हाताची पक्की. फायबरचं कामही वर्षभर मामाच्या हाताखाली शिकलेली. पण दोन महिन्यांपूर्वी धक्क्याला लावताना बोट आपटली, नाक फुटलं, पाणी आत आलं. बोटीत बारा माणसं होती. सगळी वाचली, हे नशीब.

"बोटीचं नाक फुटलं आणि माझं कापलं," असं म्हणून दाजींनी लेकीशी बोलणं टाकलं. पहिल्या दिवशी ती सांगत होती, हळूच टेकली होती हो. मग फुटलेलं नाक जवळून पाहिलं आणि एकाएकी तीही गप्प झाली. दुरुस्ती झाली की बोट विकायची होती. एका घरात राहून बापलेक एकमेकांचं तोंड बघत नाहीत, असं बहीण फोनवर रडत सांगायची.

कारागिराने ग्राइंडर उचलला. दोन मिनिटांत त्या चकचकीत जागेची धूळ झाली असती. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? धक्क्यावरच्या निम्म्या बोटींना त्याचा हात लागलेला. एक ठिगळ कच्चं निघालं हे कळलं, तर उद्या प्रत्येक जण आपापलं ठिगळ टकटक वाजवून बघणार.

"हे काय?" दाजी मागे येऊन उभे होते.

"जुनं ठिगळ. सुटलंय."

"असं कसं सुटलं?"

दाजींनी तुकडा हातात घेतला, चकचकीत बाजूवर अंगठा फिरवला. माणूस पाण्यावरचा असला तरी खुळा नव्हता.

"त्या वर्षी ती होती ना तुझ्याकडे? तिलाच विचारतो," म्हणत त्यांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा लेकीला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकला.

"बोटीचं नाक उघडलंय. जुनं ठिगळ अख्खं सुटून आलं. मागून गुळगुळीत आहे."

पलीकडून लेकीचा आवाज आला.

"बाबा, मामाला काही बोलू नका. घासायचं काम माझ्याकडे होतं. माझ्याकडून राहिलं."

दाजींनी फोन बंद केला. त्यांचा चेहरा उतरला होता. रागावलेला बाप बघवतो, असा बघवत नाही.

"ऐकलंस? आपटली तिनेच, आणि कच्चं कामही तिचंच. हिच्या हातात माणसांचे जीव द्यायला निघालो होतो मी. विकतोय तेच बरं."

आता कारागिराला खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती. नुसतं गप्प राहिलं की भागणार होतं. भाचीने सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन त्याला वाट मोकळी करून दिली होती. त्याला लाज वाटली, इतकी की डोळे भरून आले. त्याने ग्राइंडर खाली ठेवला आणि तोंडावरचा मास्क काढला.

"दाजी, पुन्हा फोन लावा तिला," तो म्हणाला. "हे ठिगळ लावलं तेव्हा ती परगावी परीक्षेला गेली होती. इथे मी एकटाच होतो."