डोक्याला किती आणे

"बोला कुंडलिक, डोक्याला किती आणे?"

दिघे साहेबांनी पेन्सिल उचलली. इंदापूरकडच्या त्या साखर कारखान्यात ते मुंबईहून आले होते ते एक नवीच गोष्ट मोजायला. अंगमेहनत काय, कुणीही मोजतं. काम करताना माणसाच्या डोक्याला किती भार वाटतो, हे त्यांना त्याच्याच तोंडून हवं होतं. इकडची माणसं सगळं आण्यांत सांगतात असं कळल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं सोळा आण्यांचं माप धरलं. गाऱ्हाणी ऐकायची नाहीत, फक्त आकडा घ्यायचा, हा त्यांचा नियम.

कुंडलिक बॉयलरच्या काचनळीवर नजर लावून उभा होता. नळीतलं पाणी पार खाली गेलं की बॉयलर फाटायचा. पाळी संपेपर्यंत नजर हलवायची सोय नव्हती. शेजारच्या बॉयलरची नळी म्हस्कू बघायचा. तोही कुंडलिकच्याच शेळगावचा.

"चार आनं, साहेब."

"एवढंच? नीट विचार करून सांगा."

कुंडलिकनं म्हस्कूकडे पाहिलं. म्हस्कूनं हळूच मान डोलावली.

"मग तीन धरा."

साहेबांनी ताळा म्हणून त्याला एक दिवस आवार झाडायला लावलं आणि पुन्हा विचारलं. "चौदा आनं!" तो हसत म्हणाला. झाडू हातात घ्यायची लाज वाटली असेल, असं साहेबांनी ठरवून टाकलं. शिकलेल्या माणसाला कारण सापडायला वेळ लागत नाही.

आठवड्याभरात हुकूम निघाला. दोन्ही नळ्या एकट्या कुंडलिकनं बघायच्या. म्हस्कूनं भट्टीत चिपाडं टाकायची.

त्या दिवशी सारजानं नवऱ्यापुढं भाकरी वाढली, तर त्याचा हात ताटाकडे जाईना.

"काय झालं वो?"

"दोन काचा हायेत, सारजे. हिकडं बघावं तर तिकडचं सुटतं. माझ्या हातनं एखादा मानूस जाईल बघ."

"मग साहेबाला सांगा की."

"सांगतो. उद्या काय बी राखून ठेवत न्हाय."

दुसऱ्या दिवशी तो आपणहून साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, माजं पुन्यांदा मोजा."

"बोला."

"एक आना. त्याच्या वर काय न्हाय."

साहेबांनी खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. असा तयारीचा गडी त्यांनी कुठल्याच गिरणीत पाहिला नव्हता.

शुक्रवारी दुसरा बॉयलर फाटला. म्हस्कू भट्टीच्या तोंडाशीच होता. त्याच्या हातातल्या कड्यावरून त्याला ओळखावं लागलं.

बारामतीच्या दवाखान्यात कुंडलिकच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. साहेब खाटेशेजारी बसले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता.

"एवढं जड जात होतं, तर सोळा आणे का नाही सांगितलंत?"

कुंडलिकनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"सोळा? साहेब, पीक बुडालं म्हंजी मामलेदाराला आमी सोळा आनं सांगतो व्हय? चार आन्याच्या खाली आनेवारी सांगितल्याबिगर साऱ्यात सूट कुठं मिळती?"