सोन्याची मूर्ती

जेरुसलेमच्या वाटेवरचं ते गाव सकाळीच क्रूसेडरांच्या, म्हणजे धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती फौजेच्या, हाती पडलं होतं. दार फोडून आत शिरलेल्या रेनोने पगडीवाल्या म्हाताऱ्याची दाढी धरली.

"तुम्ही मुसलमान घरात सोन्याची मूर्ती पुजता. कुठंय ती?"

म्हाताऱ्याला फ्रेंच कळत नव्हतं. तो हात पसरून एवढंच म्हणाला, "या अल्ला!"

रेनोला तेवढं पुरलं. म्हातारा उंबऱ्यातच कोसळला.

"रेनोकाका, इकडे या!" आतून थिएरीने हाक मारली.

कोनाड्यात बाळ येशूला घेतलेल्या मेरीचं चित्र होतं. पुढे दिवा तेवत होता. चुंबनं घेऊन घेऊन तिच्या पायांचा रंग उडाला होता.

"आपली आई!" रेनोने गुडघे टेकले. "कुठल्या चर्चमधून चोरली या कुत्र्यांनी?"

"पण काका, चोरलेल्या चित्रापुढे दिवा कशाला लावतील?"

"आपण आलो म्हणून लावलाय. सोंगाडे आहेत लेकाचे."

तेवढ्यात पडद्यामागून म्हातारी बाहेर आली. तिने आधी कपाळाला, मग छातीला, मग दोन्ही खांद्यांना स्पर्श करून क्रूसाची खूण केली आणि चित्राकडे बोट दाखवलं.

"मरियम," ती म्हणाली. "मरियम."

थिएरीचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, ही तर आपल्यातलीच..."

"आपल्यातली? आणि अरबीत बोलते?" रेनो तलवार पुसत होता, तो थांबला. "आता आपली नक्कलही करायला लागली. थिएरी, चित्र भिंतीकडे फिरव. आईने असलं बघू नये."