रविवारचं संस्कृत

आठवीच्या फॉर्मवर भाषेचा रकाना रिकामाच होता. "संस्कृतात पन्नासपैकी अठरा. जर्मन तुलाच हवं होतं ना? मग अडलंय कुठे?" आईने विचारलं.

"मग रविवारी बाबा माझ्याशी काय बोलतील?" शलाका म्हणाली.

आई-बाबा वेगळे झाल्यापासून बाबा दर रविवारी फोन करून तिच्याकडून शब्दरूपं म्हणून घेत. शेवटचं बहुवचन झालं की 'शाबास' म्हणून ठेवून देत.

"ते त्यांचं त्यांना शोधू दे," आई म्हणाली. शलाकाने जर्मन लिहिलं.

रविवारी फोन आला. "बाबा, मी जर्मन घेतलंय."



"त्यातलं मला काही येत नाही गं," बाबा म्हणाले. मग चाचरत विचारलं, "जेवलीस का?"

शलाकाला याचं उत्तर पाठ नव्हतं.