दोघांचा गेम

“काका, गेमसाठी ही बिनानावाची रॅम नको. स्वस्त आहे, पण कॉम्प्युटर पुन्हा हँग होईल. कंपनीची छोटी घ्या, परवडेल,” मी म्हटलं. एकलहऱ्याहून बसने सीपीयू मांडीवर घेऊन आलेले दत्तूकाका म्हणाले, “शेवटच्या फेरीपर्यंत टिकली म्हणजे झालं. मध्येच अडकलं की कोण जिंकलं कळत नाही.” दुकानात मी कुणालाच खेळू देत नाही, पण रॅम बसवून तपासायला त्यांचीच कार-रेस लावली. स्क्रीनचे दोन भाग झाले, वर एक गाडी, खाली एक. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचा गेम. “मुलगा आलाय वाटतं जर्मनीहून?” मी विचारलं. “नाही,” म्हणत काकांनी डावा हात मुलाच्या बटणांवर ठेवला, उजवा स्वतःच्या. गाड्या सुटल्या. अडकल्या नाहीत. शेवटच्या वळणावर काका पुढे होते. त्यांनी उजवा हात उचलला आणि मुलाला पुढे जाऊ दिलं.