मेपलला सुटलेला घाम

नागपुरात पारा पन्नासवर गेला त्या दुपारी निळकंठराव आपल्या जपानी मेपलची पानं पुसायला बसले आणि त्यांनी चटकन हात मागे घेतला. पानांना घाम सुटला होता. चिकट, आंबूस, अगदी माणसाचा घाम.

हे हातभर उंचीचं बोन्साय त्यांनी तीस वर्षं जपलं होतं. दर उन्हाळ्यात ते कुंडी सावलीत हलवत, तिला ओलं गोणपाट गुंडाळत. यंदा तरीही पानं करपू लागली, तेव्हा त्यांची मुलगी मधुरा झाड प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथे झाडं उन्हात गार राहावीत म्हणून त्यांच्यात घामाच्या ग्रंथी वाढवून देत असत.

"पण हा वास ओळखीचा कसा गं?" त्यांनी विचारलं.

मधुरा जरा घुटमळली. "ग्रंथी तुमच्याच आहेत, बाबा. तुमच्या काखेच्या ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या कातडीतून वाढवल्यात. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

निळकंठरावांनी फडकं भिरकावून दिलं. आपलीच काख कुणी कुंडीत लावून ठेवावी, तसं त्यांना झालं. त्यांनी कात्री घेतली आणि घामेजलेली एकेक फांदी छाटायला सुरुवात केली. बोटं ओली होत होती, शिसारी येत होती, तरी ते थांबले नाहीत.

"बाबा, मरेल ते!" मधुरा रडवेली झाली.

"मरायचं तर झाड म्हणून मरू दे."

बुंध्याजवळची एकच फांदी कोरडी निघाली. तिथवर ग्रंथी पोचल्या नव्हत्या. तिच्यावर तीन पानं होती, कडा करपलेली. निळकंठरावांनी ती हुंगून पाहिली आणि कात्री खाली ठेवली.