आवाज न होणारं कव्हर

"आवाज होतोय," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी आणखी एक कव्हर काउंटरवर परत ठेवलं.

दुकानदाराने त्याची चेन पुन्हा ओढून दाखवली. "काका, याहून जास्त आवाज माझे गुडघे करतात."

"तुमच्या गुडघ्यांना घाबरून पक्षी उडत नाहीत."

निवृत्त झाले तरी सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. त्यांचा उभा जन्म वाचनालयात 'शू' म्हणण्यात गेला होता. मुलीने मुठीत मावेल असा छोटा कॅमेरा भेट दिला, तेव्हापासून तो एका जुन्या मोज्यात राहत होता. कव्हर नसलेलं पुस्तक आणि कव्हर नसलेला कॅमेरा, दोन्ही त्यांना बघवत नसे. काढायचा, फोटो घ्यायचा, लगेच आत ठेवायचा, असा नियम.

पक्षी ही मात्र शुद्ध थाप होती. त्यांना फोटो हवा होता शेजारी स्टुलावर बसलेल्या बायकोचा. लग्नापासून आजवर प्रत्येक फोटोत ती ओळखपत्रावर चिकटवल्यासारखी दिसायची. कॅमेरा दिसला की मान ताठ, ओठ बंद. हसायची ती कॅमेरा नसताना, आणि हल्ली तेव्हाही कमीच. तिचा एक तरी खरा, बेसावध फोटो आपल्याकडे असावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी तिला अर्थातच सांगितलं नव्हतं.

दुकानदाराने चुंबकाच्या झडपेचं काळं कव्हर पुढे केलं. झडप उघडली, मिटली. काहीच ऐकू आलं नाही. ग्रंथपालांचा चेहरा उजळला.

"आणि ते?" बायकोने कोपऱ्यातल्या साध्या राखाडी कव्हराकडे बोट केलं.

दुकानदाराने त्याची व्हेलक्रोची पट्टी ओढली. कर्रर्र. दारातलं मांजर उठून चालतं झालं.

"हेच घ्या," ती म्हणाली.

"अगं, याने पक्षीच काय, झाडंसुद्धा उडतील!"

"आणि चुंबक सुटून कॅमेरा दाणकन आपटला म्हणजे? पट्टी कशी घट्ट धरते बघा. आतल्या खोलीत ऐकू येईल ना हो हे?"

"आतल्या काय, शेजारच्या घरात येईल," दुकानदार म्हणाला.

"मग मजबूत आहे." तिने पर्समधून गोळी काढून पाणी मागितलं.

"परत पित्त?" ग्रंथपालांनी विचारलं.

"तुमच्याशी संसार केलाय. आणखी काय होणार?"

दुकानदार हसला. ग्रंथपालही हसले. ज्या लढाया हरणारच असतो त्या लवकर हराव्यात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. राखाडी कव्हर घरी आलं.

घरी मात्र त्यांनी हार मानली नाही. पट्टी एकदम न ओढता कोपऱ्यापासून हळूहळू सोडवण्याचा सराव सुरू झाला. "बाबा, कॅमेरा आधीच काढून ठेवा ना," मुलगी फोनवर म्हणाली. "धूळ बसते," ते म्हणाले.

एका दुपारी बायको झोपायच्या खोलीत होती. दार लोटलेलं. बाहेर उभं राहून त्यांनी श्वास रोखून पट्टी सोडवली. उंदराने कागद कुरतडावा, एवढाच आवाज झाला. दार ढकललं. ती पलंगाच्या कडेवर बसून खिडकीबाहेर बघत चक्क हसत होती. त्यांनी बटण दाबलं.

"अगंबाई! कधी आलात? कळलंच नाही," ती म्हणाली.

ग्रंथपाल तरंगतच दुकानात पोचले. "सापडली! बेसावध! चांगला मोठा करून द्या, भिंतीवर लावायचाय."

दुकानदाराने फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा केला. "वा, काका! काय गोड हसल्यात! बाहेर एवढं काय होतं हो?"

ग्रंथपाल कौतुकाने वाकले. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. नुसती भिंत. मग त्यांना उशीखाली घाईने कोंबलेल्या शेकायच्या पिशवीचं लाल टोक दिसलं. मग तिचा डावा हात. मुठीत चादर इतकी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती.

'आतल्या खोलीत ऐकू येईल ना हो हे?' कव्हर घेताना तिने विचारलेलं त्यांना आठवलं.

"कुठल्या आकारात काढू, काका?"

"तो राहू दे," ग्रंथपाल म्हणाले. "ते चुंबकाचं कव्हर आहे का अजून?"